‘घरातलीच’ म्हणजे कोणाची?

गेल्या महिन्यात आम्ही दिलेल्या एका नोटिशीचे उत्तर माझ्या टेबलावर आले. माझी अशील एकाच घरात अकरा वर्षे धुणीभांडी, स्वयंपाक आणि म्हातारीची शुश्रूषा अशी तिन्ही कामे करत होती. पगारातले काही पैसे ती दरमहा मालकिणीकडेच ठेवायची. मुलीच्या लग्नाला एकदम मिळतील, हा भरवसा. मुलीचे लग्न ठरले, पैसे मागितले, तर हिशेबच नाही. नोटिशीला समोरच्या वकिलांनी इंग्रजीत दोन पानी उत्तर पाठवले. त्यातला मुद्दा असा, की सदर महिला कधीच नोकर नव्हती, ती ‘फॅमिली मेंबर’प्रमाणे राहत होती, सबब पगाराचा किंवा ठेवीचा प्रश्नच उद्भवत नाही.

अशिलाला मी मराठीत अर्थ सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “घरातलीच होते, तर माझा चहाचा कप खिडकीत वेगळा का ठेवायच्या?”

या प्रश्नाचे उत्तर त्या दोन पानांत नव्हते. पण त्यातल्या ‘फॅमिली’ या एका शब्दात मात्र ते आहे. विद्वान वकील मित्रांनी नकळत खरे तेच लिहिले होते.

‘फॅमिली’ हा शब्द आला लॅटिनमधल्या ‘फामिलिया’वरून आणि ‘फामिलिया’ आला ‘फामुलुस’वरून. फामुलुस म्हणजे घरचा दास, ‘फामुला’ म्हणजे घरची दासी. नवरा-बायको-मुले हा अर्थ त्या शब्दाला फार उशिरा चिकटला. रोमन माणूस ‘माझी फामिलिया’ म्हणाला की पुष्कळदा त्याचा अर्थ ‘माझ्या मालकीचे दास-दासी’ एवढाच असे. शहरातल्या वाड्यातले ते ‘फामिलिया उर्बाना’, शेतावरचे ते ‘फामिलिया रुस्तिका’. या सगळ्यांवर आणि बायकामुलांवरही ज्याची सत्ता चाले तो ‘पातेर फामिलियास’. तेव्हा मोलकरणीला कोणी ‘फॅमिली मेंबर’ म्हटले, तर ती भाषेची चूक नव्हे. शब्दाचा तो मूळ अर्थच आहे.

आम्ही वकील मंडळी लॅटिन शब्द चघळत असतो. त्यातले निम्मे कोणाच्या पाठीवर उमटलेले आहेत हे आम्हाला माहीत नसते. दाव्यात मुख्य मागणीबरोबर जोडमागणी असली की ती ‘अॅन्सिलरी’. हा शब्द ‘आन्किल्ला’पासून आला. इंग्रजी वळणाचे लोक त्याचा उच्चार अॅन्सिला करतात. आन्किल्ला म्हणजे दासी. आणि तेही लघुरूप, म्हणजे आपल्या ‘पोरगी’, ‘बटकी’सारखे. साठ वर्षांची झाली तरी आन्किल्लाच. कोर्टात मराठी कागद दाखल केला की तो ‘व्हर्नाक्युलर’. त्यामागे आहे ‘वेर्ना’, म्हणजे मालकाच्या घरात दासीच्या पोटी जन्मलेले मूल. इंग्रजांनी १८७८ साली देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा केला, त्याच्या नावातही हाच शब्द होता. आपण ज्या भाषेत हे वाचत आहात तिला साहेबाने दिलेले नाव दासीच्या पोराचे आहे. मला त्याची लाज वाटत नाही. घरच्या दासीचे पोर कोणत्या भाषेत रडते हे ज्याला कळते त्यालाच भाषा कळते.

आता कोणी म्हणेल, चळवळीच्या दैनिकात रोमच्या दासींचे काय काम? काम आहे, आणि तिथे आपल्याला बाबासाहेबांनीच नेऊन ठेवले आहे. त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात गुलाम आणि अस्पृश्य यांची तुलना करणारे प्रकरण आहे. त्यात त्यांनी आर. एच. बॅरो यांच्या रोमन गुलामगिरीवरच्या १९२८ सालच्या पुस्तकातून लांबलचक उतारे घेतले आहेत. गुलाम कारकून होते, ग्रंथपाल होते, वैद्य होते, शिक्षक होते. बाबासाहेबांचा युक्तिवाद वकिली धारेचा आहे. गुलाम ही मालकाची मालमत्ता होती, म्हणून त्याला खाऊ घालण्यात, शिकवण्यात, निरोगी ठेवण्यात मालकाचा स्वार्थ होता. अस्पृश्य कोणाचीच मालमत्ता नव्हता, म्हणून तो जगला काय नि मेला काय, कोणाचे काही बुडत नव्हते. गुलामगिरीला त्यांनी चांगले म्हटलेले नाही. अस्पृश्यता तिच्याहून वाईट का, ते त्यांनी सांगितले.

हे प्रकरण मी अनेकदा वाचले आहे. या नोटिशीनंतर पुन्हा वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. बॅरोंच्या त्या यादीतले शिकलेले, हुशार, मालकाचा उजवा हात झालेले गुलाम हे मुख्यतः पुरुष आहेत. मग आन्किल्लांचे काय? त्यांच्यात मालकाचा स्वार्थ कोणता होता? हे शोधायला दोन जागा आहेत. एक स्मशान आणि दुसरी कायद्याचे पुस्तक.

आधी स्मशान. रोमजवळ आप्पिया नावाच्या राजरस्त्यावर १७२६ साली एक मोठे दफनस्थान सापडले. सम्राट ऑगस्टसची बायको लिव्हिया हिच्या घरातल्या दास-दासींच्या आणि मुक्त झालेल्यांच्या अस्थी तिथे भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवलेल्या होत्या. खुराड्यात कबुतरे राहतात तसे कोनाडे. प्रत्येकाखाली छोटी संगमरवरी पाटी, पाटीवर नाव आणि पुष्कळ ठिकाणी काम. या आणि अशाच इतर पाट्यांवरून घरातल्या बायकांची कामे कळतात.

‘ओर्नात्रिक्स’ म्हणजे मालकिणीची वेणीफणी करणारी. ‘सार्किनात्रिक्स’ फाटके शिवणारी. ‘वेस्तिप्लिका’ कपड्यांच्या घड्या घालणारी. ‘क्वासिल्लारिया’ टोपलीतली लोकर कातणारी आणि ‘लानिपेन्दा’ तिला ती तोलून देणारी. म्हणजे कमी कातले की पहिली शिवी लानिपेन्दाची. ‘नूत्रिक्स’ दुसऱ्याच्या मुलाला अंगावर पाजणारी. ‘ओब्स्तेत्रिक्स’ सुईण. ‘पेदिसेक्वा’ म्हणजे पायांमागून चालणारी. मालकीण रस्त्यावर निघाली की तिच्या मागे चालायचे, हेच काम. ‘फोकारिया’ चुलीजवळची. पुढे सैनिकांच्या बाबतीत याच शब्दाचा अर्थ ठेवलेली बाई असा झाला. चुलीपासून अंथरुणापर्यंत शब्द किती पटकन घसरतो पाहा. आपल्याकडच्या ‘कुणबीण’ आणि ‘बटीक’ या शब्दांचा पेशवाईतला प्रवास ज्यांनी वाचला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक शब्द, जो वाचून मी पुस्तक मिटून बसलो. ‘विकारिया’. दासाच्या हाताखालची दासी, दासाची दासी. मालक आपल्या वरच्या दासाला थोडी पुंजी बाळगू देई, त्या पुंजीत दुसरा माणूसही असू शके. बाबासाहेबांनी क्रमिक विषमता म्हणजे काय ते शिकवल्यामुळे आपल्याला हे समजायला सोपे जाते. तळाशी असलेल्यालाही खाली बघायला कोणीतरी मिळाले की वरचा निर्धास्त झोपतो.

या नावांत एक गोष्ट लक्षात येते. बाईचे काम मालकिणीच्या शरीराच्या कोणत्या भागाशी आहे त्यावरून तिची ओळख. ही केसांची, ती पावलांची, तिसरी स्तनांची. सबंध बाई कुठेच नाही. तरीही पाट्यांवर ही नावे कोरली ती बहुतेक त्यांच्याच सोबत्यांनी, नवऱ्यांनी, बहिणींनी. रोमन कायद्याने ज्यांचे लग्न मानले नाही, त्या नवऱ्याने आपल्या बाईच्या अस्थींखाली ‘ओर्नात्रिक्स’ असे कोरून घेतले, तेव्हा तो अपमान म्हणून नक्कीच नाही. ती कसबाची बाई होती. हे कसब शिकावे लागे. एका रोमन कायदेपंडिताच्या मते, मृत्युपत्राने कोणाला ओर्नात्रिक्स दिल्या असतील, तर गुरूकडे फक्त दोन महिने शिकलेल्या मुली त्यात धरायच्या नाहीत. दुसऱ्या पंडितांचे मत पडले, धरायच्या. कारण शिकायचे तर प्रत्येकीचे काही ना काही राहिलेलेच असते, मग एकही धरता येणार नाही. वाद गंभीरपणे झाला. मुलींना मृत्युपत्राने वाटावे की नाही, हा मात्र वादाचा विषय नव्हता.

त्या कसबाला घरात काय मोबदला मिळे, ते रोमच्या कवींनीच लिहून ठेवले आहे. मार्शल एका मालकिणीबद्दल सांगतो, की केसांची एक बट नीट बसली नाही म्हणून ज्या आरशात ती दिसली त्याच आरशाने तिने दासीला मारले. जुव्हेनलच्या कवितेत वेणी घालणाऱ्या मुलीचे स्वतःचे केस उपटलेले आहेत, खांदा उघडा पडला आहे आणि वादीचे फटके बसताहेत. ओव्हिडने तर जोडकविता लिहिली. पहिलीत तो आपल्या प्रेयसीला शपथेवर सांगतो, की तुझ्या ओर्नात्रिक्सशी, सिपासिसशी, माझा काही संबंध नाही. फटक्यांचे वळ असलेल्या दासीला कोण हात लावील? दुसरीत तो त्याच सिपासिसला गाठतो. मी तुला वाचवले, आता त्याची किंमत दे. नाहीतर सगळे तुझ्या मालकिणीला सांगेन. सिपासिस नकाराची मान हलवते एवढेच आपल्याला कळते. दोन्ही कवितांत तिच्या तोंडी एक अक्षर नाही. साहित्याचे प्राध्यापक या कवितांना खेळकर म्हणतात. माझ्यासमोर हा मजकूर आला तर मी त्यावर फिर्याद लिहीन.

इथे मला पाली वाङ्मयातली काली आठवते. मज्झिम निकायाच्या ककचूपम सुत्तात भगवान बुद्ध भिक्खूंना श्रावस्तीतल्या वेदेहिका नावाच्या गृहिणीची गोष्ट सांगतात. बाई मोठी शांत, मोठी सोशिक, असे तिचे नाव झालेले. तिची दासी काली विचार करते, की मालकीण खरोखर शांत आहे, की माझे काम चोख असते म्हणून तिला रागवायला कारणच मिळत नाही? बघू या परीक्षा घेऊन. ती मुद्दाम उशिरा उठते. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्या दिवशी वेदेहिका दाराचा अडसर घेऊन तिचे डोके फोडते. काली रक्ताळलेल्या डोक्याने शेजारपाजारच्यांसमोर जाते आणि सांगते, बघा ही शांत बाईची करणी. रोमच्या कवितेतली दासी मुकी आहे. इथे दासी परीक्षक आहे, मालकीण परीक्षेला बसलेली आहे आणि साक्षीला सारा शेजार आहे. अडसर दोन्हीकडे तितकाच जड आहे, हेही खरे.

आता कायद्याचे पुस्तक. रोमच्या घरात बाईला इतकी नावे होती, पण कायद्याच्या लेखी ती फक्त आन्किल्ला. गायस हा दुसऱ्या शतकातला कायदेपंडित माणसांच्या कायद्याची पहिलीच वाटणी अशी करतो, की माणसे एक तर स्वतंत्र असतात, नाही तर दास. त्याआधीचा, इ. स. पू. तिसऱ्या शतकातला एक्विलियन कायदा नुकसानभरपाईचा आहे. दुसऱ्याचा दास, दासी किंवा कळपातले चतुष्पाद जनावर कोणी अन्यायाने मारले, तर मागच्या वर्षभरातली त्याची जास्तीत जास्त किंमत मालकाला द्यायची. तीन नावे एकाच ओळीत. आमच्याकडे पोथीतल्या एका ओळीत कोणाकोणाला बसवले ते चळवळीतल्या लहान पोरालाही पाठ आहे.

दासी विकताना दोष लपवायचा नाही, असा बाजार-अधिकाऱ्यांचा हुकूम होता. मग प्रश्न आला, गरोदर असणे हा दोष आहे का? उल्पियन सांगतो, मुळीच नाही. गर्भ धरणे आणि सांभाळणे हेच तर बायकांचे सर्वांत मोठे काम. कोलुमेल्ला हा शेतीवर लिहिणारा पहिल्या शतकातला जमीनदार. तो अभिमानाने नोंदवतो, की ज्या दासीने तीन मुलगे वाढवले तिला मी कामातून सूट देत असे आणि त्याहून जास्त असतील तर मुक्तीही. मघाशी विचारले ना, आन्किल्लामध्ये मालकाचा स्वार्थ कोणता? तो हा. केस विंचरणे, लोकर कातणे ही वरकड कामे. मूळ भांडवल गर्भाशय. कारण दासीचे मूल आईच्या दर्जाने जन्मते, बाप कोणीही असो. खुद्द मालक असला तरी. हाच नियम पुढे व्हर्जिनियातल्या गोऱ्या मळेवाल्यांनी १६६२ साली आपल्या कायद्यात घेतला आणि काळ्या बायकांच्या पोटी जन्मलेली आपलीच मुले विकायची सोय करून ठेवली.

यावर रोमच्या पंडितांत एक जुना वाद होता. समजा, मृत्युपत्राने मालकी मुलाला दिली आणि तहहयात उपभोग विधवेला. मेंढीला कोकरू झाले तर ते विधवेचे, ते उत्पन्न. मग दासीला मूल झाले तर? काही म्हणाले, तेही उत्पन्नच. शेवटी ब्रूटस नावाच्या पंडिताचे मत टिकले, की माणूस हे माणसाचे फळ म्हणून धरता येत नाही. पुढे सहाव्या शतकात जस्टिनियनच्या ग्रंथातही हेच आले, की सारी फळे निसर्गाने माणसासाठी केली असताना माणसालाच फळ म्हणणे विपरीत आहे. वाचताना वाटते, चला, इथे तरी माणुसकी सापडली. पुढचे वाक्य वाचल्यावर कळते, की मूल स्वतंत्र झालेले नाही. ते विधवेऐवजी मुलाचे झाले, एवढाच फरक. मनुष्यत्वाचे एवढे मोठे तत्त्व मांडले आणि ते मालकी हक्काच्या वाटणीत खर्ची घातले. अशी सुंदर तत्त्वे आणि असे निकाल आम्ही आमच्या कोर्टांतही पाहिले आहेत.

पण या सगळ्यात मला झोपू न देणारे प्रकरण आहे आरेस्कुसाचे. जस्टिनियनने संकलित केलेल्या डायजेस्टच्या पहिल्याच पुस्तकात ते येते. आरेस्कुसा ही दासी. मालकाने मृत्युपत्रात लिहिले, तिने तीन मुले जन्माला घातली तर ती मुक्त. पहिल्या बाळंतपणात तिला एक मूल झाले. दुसऱ्या बाळंतपणात तिळे झाले. प्रश्न असा, की यातले स्वतंत्र कोण?

त्रिफोनिनुस हा पंडित उत्तर देतो. निसर्ग दोन मुलांना एकाच क्षणी पोटाबाहेर येऊ देत नाही. एकामागून एकच येणार. तिळ्यांतले दुसरे, म्हणजे तिचे एकूण तिसरे मूल जन्मले त्या क्षणी अट पुरी झाली आणि आई मुक्त झाली. म्हणून त्यानंतर आले ते चौथे मूल स्वतंत्र आईच्या पोटी जन्मले. ते स्वतंत्र. त्याआधीची तिघे गुलाम. उल्पियन पुढे याच आरेस्कुसाचा आणखी एक प्रकार कल्पून म्हणतो, की शेवटी हा कायद्याचा नव्हे, वस्तुस्थितीचा प्रश्न आहे.

आरेस्कुसा खरी होती की वर्गात शिकवण्यासाठी बेतलेली, याने फरक पडत नाही. तो कायदा खरा होता. वकील म्हणून मी उत्तराची तारीफ करू शकतो. तर्कात फट नाही. मग मी ती खोली डोळ्यांपुढे आणतो. एकाच वेदनेतून, काही क्षणांच्या अंतराने आलेली तीन बाळे. दोन मालकाच्या वारसाची, एक स्वतःचे. वस्तुस्थितीचा प्रश्न म्हणता, मग कोणते शेवटी आले हे सांगणार कोण? सुईण. रोममधल्या कितीतरी सुइणी स्वतः दासी किंवा मुक्त झालेल्या दासी होत्या, हे त्यांच्याच थडग्यांवरून दिसते. आणि दासीची साक्ष रोमन न्यायालय सामान्यतः छळ करूनच घेई. न छळता ती खरे बोलेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. मुक्त झालेली आई आपली तीन मुले मागे ठेवून त्या घराच्या दाराबाहेर गेली असेल का? मला नाही वाटत. ती तिथेच राहिली असेल, आणि मालकाच्या वारसाने पाहुण्यांना सांगितले असेल, की आता ही घरातलीच आहे.

छळाचा विषय निघालाच आहे. घरात मालकाचा खून झाला तर छपराखालच्या सगळ्या गुलामांना जबाबदार धरत. इ. स. ६१ मध्ये रोमच्या नगरप्रमुखाला त्याच्या एका गुलामाने मारले, तेव्हा घरातल्या चारशे जणांना, बायकामुलांसकट, मृत्युदंड झाला. लोक रस्त्यावर उतरले होते. सिनेटमध्ये ही शिक्षा झालीच पाहिजे म्हणून ज्याने भाषण केले तो कॅशियस नावाचा नामवंत कायदेपंडित होता. आमच्याच व्यवसायातला. पुढे हेड्रियन सम्राटाने एका दासीचे प्रकरण निकालात काढले. ती मालकिणीच्याच खोलीत होती, खुन्याने धमकावले म्हणून ओरडली नाही. हेड्रियनचा हुकूम झाला, तिलाही मृत्युदंड द्या, म्हणजे मालक संकटात असताना आधी स्वतःचा जीव पाहावा असे इतर दासांना वाटणार नाही. घरातलीच ना, मग घरासाठी मर.

आणखी दोघींचा उल्लेख करतो. इ. स. ११० च्या सुमारास प्लिनी हा बिथिनिया प्रांताचा सुभेदार होता. त्याने सम्राट ट्राजनला पत्र लिहिले, की ख्रिस्ती नावाचे लोक काय करतात हे काढून घेण्यासाठी दोन आन्किल्लांना छळले. त्यांना त्यांचे लोक ‘मिनिस्त्रा’ म्हणतात. मिनिस्त्रा म्हणजे सेविका खरी, पण इथे तो त्या मंडळीतला मानाचा हुद्दा होता. सरकारी कागदात त्या आन्किल्ला, आपल्या माणसांत मिनिस्त्रा. ‘मिनिस्टर’ हा शब्द त्याच घराण्यातला. आमचे मिनिस्टर लाल दिव्याच्या काळात हे विसरले, दिवे गेल्यावरही त्यांना आठवलेले दिसत नाही. त्या दोघींची नावे प्लिनीने लिहिली नाहीत.

नावे आपल्या परंपरेने ठेवली. थेरीगाथेतली पुण्णा ही अनाथपिंडिकाच्या घरच्या दासीची मुलगी. कडाक्याच्या थंडीत मालकिणींच्या माराच्या भीतीने नदीत उतरून पाणी भरायची. पाण्यात बुडी मारून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला तिने प्रश्न विचारून निरुत्तर केले आणि ते सारे गाथांत तिच्याच तोंडून आहे. राणी सामावतीची दासी खुज्जुत्तरा हिला भगवंतांनी बहुश्रुत उपासिकांत अग्रस्थान दिले. माणसांचा व्यापार उपासकाने करू नये, असे अंगुत्तर निकायात स्पष्ट आहे. आणि जे आहे ते आपण लपवायचे नाही. विनयात दासाला मालकाच्या ताब्यात असताना प्रव्रज्या देण्यास मनाई आहे. संघालाही त्या काळाच्या मालकी हक्काशी तडजोड करावी लागली. विनयाच्या विभंगात दासांचे प्रकार सांगताना पहिला शब्द येतो ‘अन्तोजात’, घरात जन्मलेला. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सात प्रकारच्या दासांत आहे ‘गृहज’. रोमला ‘वेर्ना’. तीन भाषांत एकच शब्द. घर हीच गुलाम तयार करण्याची जागा आहे, हे तिन्ही भाषांना माहीत होते. फरक एवढाच, की पुण्णेला धम्मात जागा मिळाली आणि मनूने पुढच्याच श्लोकात सांगितले, की दासाने मिळवलेले धन मालकाचे.

रोममध्येही तेच होते. दासाला थोडी पुंजी बाळगू देत, तिला ‘पेकुलियुम’ म्हणत. कोणी ती साठवून स्वातंत्र्यही विकत घेई. पण कायद्याने ती मालकाचीच. मालकाने मनात आणले तर परत घेई. माझ्या अशिलाची लग्नाची ठेव ही हीच गोष्ट आहे.

आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला तर ही घरातली नावेही आली नाहीत. त्यांची सावली माजघरात चालत नव्हती. त्यांना होती गावकीची वेठ, अंगणाबाहेरची. बाबासाहेबांचा युक्तिवाद इथे पुन्हा खरा ठरतो. आज शहरात आपल्या बायका त्याच घरांच्या स्वयंपाकघरात पोहोचल्या आहेत, काही जणी आडनाव बदलून. घराने दार उघडले, ते कामगाराला नव्हे, ‘घरातली’ला. आणि कप खिडकीतच ठेवला.

कायदा काय म्हणतो? संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगार बंद केली. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, म्हणजे शब्द तरी दिला : कामगार. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या केंद्रीय कायद्यात राहते घर हेही कामाचे ठिकाण धरले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांचा १८९ वा करार केला. भारताने बाजूने मत दिले, पण करार मंजूर करून स्वतःला बांधून घेतलेले नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला समिती नेमून या कामगारांसाठी कायद्याची चौकट तपासायला सांगितले. आपल्या वस्त्यांतल्या महिला मंडळांनी वंदनेनंतरचा अर्धा तास नोंदणीचे अर्ज भरायला दिला, तर कोणत्याही समितीची वाट पाहावी लागणार नाही. अर्जाच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘घरकाम’ लिहायला लाजू नका. ओर्नात्रिक्सच्या नवऱ्याने ते दगडावर कोरले होते.

माझ्या अशिलाच्या दाव्याचा मसुदा तयार आहे. पैसे ठेव म्हणून मागितले आहेत, म्हणजे मुदत मागणीच्या तारखेपासून मोजता येईल. पहिल्या परिच्छेदात सवयीने ‘मोलकरीण’ लिहिले होते, ते खोडून ‘घरेलू कामगार’ केले. अडचण पुराव्याची आहे. पगाराची चिठ्ठी नाही, पावती नाही. सोसायटीचा वॉचमन रोज तिला आत सोडायचा, पण साक्षीला येईन म्हणत नाही. त्याचीही नोकरी आहे. आहेत ती भिंतीवरची कॅलेंडरे. तिच्या मुलीने, चौथीत असल्यापासून, दर महिन्याच्या पानामागे आईने मालकिणीकडे ठेवलेला आकडा पेन्सिलने लिहून ठेवला आहे. अकरापैकी सात कॅलेंडरे सापडली. चार एका पावसाळ्यात भिजून गेली. सातवर दावा लावतो आहे.